घरात काचबिंदू आणि भावाचा जनुक अहवाल म्हणतो ‘धोका कमी’: त्यावर किती विसंबायचं?

तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही गैरसमजूत झाली असेल तर लगेच कळेल.

तुमच्या आई ६८ वर्षांच्या, साताऱ्याला असतात, काही वर्षांपासून काचबिंदूचे थेंब चालू आहेत. त्यांचे भाऊ, म्हणजे तुमचे मामा, साठीतच एका डोळ्याने पूर्ण आणि दुसऱ्याने बरेचसे आंधळे झाले. त्यांना नेमकं काय झालं होतं हे घरात कुणाला सांगता येत नाही, ‘मोतीबिंदू फार पिकला होता’ एवढंच बोललं जातं. तुम्ही ४३ वर्षांचे, पुण्यात. धाकटा भाऊ ह्यूस्टनला. त्याने लाळेचा नमुना पाठवून जनुक चाचणी केली आणि अहवालात काचबिंदूचा धोका ‘सरासरीपेक्षा कमी’ आला. तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं की हा आजार आफ्रिकन वंशाच्या लोकांत जास्त असतो. तेव्हा तुमचा प्रश्न असा, की तुम्हीही ती चाचणी करावी का आणि आपल्या लोकांना धोका खरंच कमी असतो का. जाता जाता आणखी दोन गोष्टी लिहिल्यात. पत्नी म्हणजे त्याच मामांची मुलगी. आणि नऊ वर्षांच्या लेकीचे डोळे उन्हाळ्यात खाजतात तेव्हा तुम्ही मेडिकलमधून आणलेले थेंब घालता.

मला विचाराल तर जाता जाता लिहिलेल्या या दोन ओळी भावाच्या अहवालापेक्षा जास्त मोलाच्या आहेत. त्यांच्याकडे येतेच. पण अहवालाचं आधी बघू, कारण तो खोटा नाहीये. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय.

सुरुवात आईंच्या फाइलपासून करा. काचबिंदू हा एकच आजार नाही. डोळ्याच्या आत सतत थोडं थोडं पाणी तयार होतं आणि कॉर्निया व बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जिथे मिळतात, त्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर जातं. कोन उघडा आहे पण जाळीच नीट पाणी सोडत नाही, हा झाला ओपन अँगल प्रकार. पडदाच पुढे सरकून कोन अडवतो, तो अँगल क्लोजर. दोन्हींत प्रेशर वाढतं आणि डोळ्याची नस हळूहळू वाळते, म्हणून शेवटचं चित्र सारखं दिसतं. पण कारणं वेगळी, जनुकं वेगळी, इलाजही बराच वेगळा. शिवाय काही जणांची नस प्रेशर नॉर्मल असतानाही वाळते. काहींच्या भिंगावर कोंड्यासारखा पांढरा थर जमतो आणि तो जाळीत अडकतो. बाळांना जन्मतः होतो तो काचबिंदू आणखी निराळा.

आईंच्या फाइलमध्ये ‘पीओएजी’ लिहिलं असेल तर ओपन अँगल, ‘पीएसीजी’ असेल तर अँगल क्लोजर. कधी लेसरने पडद्याला बारीक भोक पाडलं असेल तर ‘पीआय’ अशी नोंद असते, तीही बहुधा बंद कोनाकडे बोट दाखवते. आणि सगळी फाइल चाळूनही ‘गोनिओ’ हा शब्द कुठेच सापडला नाही, तर प्रकार कोणता हे बहुतेक कुणी तपासलेलंच नाही असं समजा. गोनिओस्कोपी म्हणजे डोळा सुन्न करून, आरसे बसवलेलं भिंग टेकवून कोन प्रत्यक्ष बघणं. पाच मिनिटांचं काम आहे, पण गर्दीच्या ओपीडीत हीच तपासणी सगळ्यात आधी गळते.

हे एवढं लांबण लावून सांगते कारण भावाच्या अहवालातला धोका ज्या गुणांवरून काढला, ते गुण जवळजवळ नक्कीच ओपन अँगलच्या अभ्यासांवर बेतलेले असणार. अँगल क्लोजरच्या जनुकजागा, म्हणजे डीएनएतल्या धोक्याशी जोडलेल्या जागा, वेगळ्या आहेत. २०१२ मध्ये मुख्यतः आशियाई रुग्णांच्या अभ्यासातून अशा तीन जागा सापडल्या, २०१६ मध्ये आणखी पाच. प्रत्येकीचा वाटा छोटा. आईंचा आजार बंद कोनाचा निघाला, तर भावाच्या अहवालाचा तुमच्या घराशी फारसा संबंधच उरत नाही.

आता जनुकांकडे. इथे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि बातम्यांमध्ये ते एकत्र कालवले जातात.

पहिला प्रकार असा, की एकच जनुक जोरदार बिघडलेलं. १९९७ मध्ये मायोसिलिन नावाच्या जनुकातले बदल काचबिंदूच्या रुग्णांत सापडले. त्यातले काही बदल इतके तीव्र असतात की विशी-तिशीतच प्रेशर प्रचंड वाढतं आणि घरातल्या प्रत्येक पिढीत कुणी ना कुणी सापडतं. पण मोठ्यांच्या ओपन अँगल काचबिंदूत मायोसिलिनचा वाटा साधारण २ ते ४ टक्केच. युरोपीय वंशाच्या लोकांत त्याचा एक ठरावीक बदल वारंवार दिसतो, ३६८ व्या जागेवरचा. भारतीय रुग्णांत तपासलं तेव्हा ४८ व्या जागेवरचा निराळाच बदल आढळला. म्हणजे जनुक तेच, पण कुठल्या लोकांत त्याची कुठली चूक फिरते आहे ते वेगळं. आणि एक गंमत बघा. युरोपातला तो ३६८ वाला बदल आधी आजारी कुटुंबांतच अभ्यासला गेला, तेव्हा फार भयंकर वाटला होता. नंतर सर्वसाधारण लोकांत तपासला तर तोच बदल असलेल्या कित्येकांना काचबिंदू झालेलाच नव्हता. बाकीच्या जनुकांचा मिळून भार ज्यांच्यात जास्त, त्यांच्यातच तो जास्त चावतो.

दुसरं जनुक आपल्याकडच्या लोकांनी माहीत करून घ्यावं असं आहे. त्याचं नाव सीवायपी१बी१. जन्मजात काचबिंदूशी त्याचा संबंध आहे हेही १९९७ मध्येच कळलं. या आजाराला दोन्ही पालकांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. आईवडील दोघेही ठणठणीत असतात, पण प्रत्येकाकडे एकेक वाईट प्रत दडलेली. म्हणून जिथे नात्यात लग्नं होतात किंवा लहानशा समाजातच पिढ्यानपिढ्या सोयरिकी होतात, तिथे हा आजार उसळतो. पाश्चात्त्य देशांत साधारण १०,००० बाळांमागे एक, सौदी अरेबियात २,५०० मागे एक, स्लोव्हाकियातल्या रोमा समाजात १,२५० मागे एक. आणि आंध्र प्रदेशात ३,३०० मागे एक असा अंदाज आहे. रोमा समाजात जवळजवळ सगळीकडे एकच बदल सापडतो, कारण तो एखाद्या जुन्या पूर्वजाकडून सगळ्यांत पसरला. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या अभ्यासांत भारतीय बाळांमध्ये ३६८ व्या जागेवरचाच एक बदल जास्त दिसला. आकडा योगायोगाने तोच, पण हे वर सांगितलेलं मायोसिलिन नव्हे. शिवाय भारतात निम्म्याहून जास्त बाळांत हे जनुक चांगलंच असतं, म्हणजे कारण दुसरीकडेच कुठेतरी आहे. सौदीत चाचणी ‘निगेटिव्ह’ आली तर तिला जे वजन, ते आपल्याकडे नाही.

मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या अपत्यात सरासरी सोळा जनुकजागांपैकी एका जागेवर दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. तुमची लेक नऊ वर्षांची आहे. या जनुकाचा जन्मजात काचबिंदू बहुतेक वेळा पहिल्या तीनेक वर्षांतच दिसतो, त्यामुळे तिच्याबाबतीत ती धास्ती घेऊ नका. पण घरात पुढे बाळ होणार असेल, तुमचं किंवा अशाच नात्यातल्या कुणाचं, तर लक्षात ठेवा. बाळाचे डोळे इतरांपेक्षा मोठे दिसतात आणि घरचे कौतुकाने म्हणतात, काय टपोरे डोळे आहेत! त्याच बाळाच्या डोळ्यांतून सतत पाणी येत असेल, उजेडात ते तोंड लपवत असेल, काळ्या भागावर दुधी छटा असेल, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. या बाळांना ऑपरेशनच लागतं आणि ते जितकं लवकर तितकं बरं. ‘अश्रूनलिका चोंदली असेल, मालिश करा’ म्हणून महिने घालवलेली बाळं माझ्याकडे येतात. पाणी येण्याचं ते कारण जास्त वेळा खरं असतं, पण त्यात डोळा मोठा होत नाही आणि बाळ उजेडाला घाबरत नाही.

भावाच्या अहवालात आहे तो दुसरा प्रकार. शेकडो-हजारो जनुकजागा, प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर, त्यांची बेरीज करून काढलेले गुण. ही बेरीज फालतू नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सर्वात जास्त गुणांचे १० टक्के लोक सर्वात कमी गुणांच्या १० टक्क्यांपेक्षा सुमारे दहा वर्षं आधी तेवढ्याच धोक्याला पोचत होते. २०२१ च्या जागतिक अभ्यासात ३४,१७९ रुग्ण होते आणि ओपन अँगलशी संबंधित १२७ जागा सापडल्या. युरोपीय, आशियाई, आफ्रिकन अशा तिन्ही वंशांचे लोक त्यात होते आणि बऱ्याच जागांचा परिणाम सगळीकडे एकाच दिशेने होता. म्हणजे मूळ जीवशास्त्र पुष्कळ अंशी समान आहे.

मग अडचण कुठे? वजनात. त्या रुग्णांत युरोपीय वंशाचे बहुसंख्य होते. कुठल्या जागेला किती गुण द्यायचे हे प्रामुख्याने त्यांच्यावरून ठरलं. शिवाय अभ्यासात सापडलेली जागा बहुतेकदा दोषी जनुकबदल नसतेच, ती त्याच्या शेजारची खूण असते. ‘पिंपळाशेजारचं घर’ असा पत्ता एका गावात बरोबर लागतो. दुसऱ्या गावात पिंपळ असतो, पण त्याच्या शेजारी ते घर नसतं.

याचं मला सर्वात बोलकं वाटणारं उदाहरण भिंगावर कोंडा जमणाऱ्या त्या प्रकारातलं आहे. २००७ मध्ये आइसलँड आणि स्वीडनमधल्या रुग्णांत लॉक्सएल१ या जनुकातल्या दोन जागा सापडल्या आणि संबंध इतका घट्ट होता की आता कोडं सुटलंच असं अनेकांना वाटलं. पहिली कुरबुर तिथेच सुरू झाली, कारण त्या जागेवरचं धोक्याचं मानलेलं डीएनएचं अक्षर आइसलँडच्या निरोगी लोकांतही बहुसंख्यांकडे होतं. मग जपानमध्ये तपासलं. पहिल्या जागेवर उलटंच निघालं. आइसलँडमध्ये जे अक्षर धोक्याचं, ते जपान्यांत सुरक्षित आणि सुरक्षित होतं ते धोक्याचं. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांत दुसरी जागा उलटी निघाली. जनुक तेच, जागा त्याच, आजार तोच, आणि तरी अर्थ फिरला. याचा सरळ अर्थ असा की ती अक्षरं स्वतः गुन्हेगार नव्हती. आता समजा आइसलँडच्या वजनांवर बनवलेला अहवाल एखाद्या जपानी माणसाच्या हातात ठेवला. त्या एका जागेपुरता तो त्याला नेमकं उलटं सांगेल, तेही छापील अक्षरांत, रंगीत आलेखासकट.

सगळ्या जागा अशा उलट्या होत नाहीत, हे पुन्हा सांगते, नाहीतर तुम्ही भावाला फोन करून सगळं थोतांड आहे म्हणाल. बहुतेक ठिकाणी परिणाम नुसता पातळ होतो. गुण अंदाज देतात, पण बोथट. आफ्रिकन वंशाच्या लोकांत ते सर्वात बोथट ठरतात. त्यांच्याच रुग्णांचा वेगळा मोठा अभ्यास फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी केला, तो २०२४ मध्ये आला. त्यात ६,००३ रुग्ण होते आणि युरोपीयांच्या यादीवरून हाती न लागलेल्या जागा मिळाल्या. ज्यांना आजार सर्वात जास्त त्यांचाच अभ्यास सर्वात उशिरा झाला, ही या क्षेत्राला शोभणारी गोष्ट नाही. आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचले गेलेत. त्यामुळे एखादा बदल आपल्या कुठल्या समाजात किती आढळतो हे आता बघता येईल. पण ते निरोगी लोक आहेत. काचबिंदूच्या गुणांना भारतीय वजनं द्यायची तर आपले हजारो रुग्ण त्यासाठी तपासावे लागतील.

आता ‘आपल्या लोकांना धोका कमी का’ या तुमच्या प्रश्नाकडे. ह्यूस्टनच्या डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पाहणीत कृष्णवर्णीयांत ओपन अँगल काचबिंदू गोऱ्यांच्या चार-पाच पट निघाला होता. बार्बाडोसमध्ये चाळिशीपुढच्या कृष्णवर्णीयांत ७ टक्के. पण ‘आफ्रिकन’ हाही एक गठ्ठा नाही. घानातल्या टेमा शहरात हे प्रमाण ६.८ टक्के आणि टांझानियातल्या काँग्वा भागात ३.१ टक्के. आशियात तर आणखी खिचडी. जपानच्या ताजिमी शहरात ओपन अँगलचं प्रमाण ३.९ टक्के होतं आणि त्यातल्या ९२ टक्के लोकांचं प्रेशर २१ च्या, म्हणजे नॉर्मल मानतात त्या मर्यादेच्या, आतच होतं. नुसतं प्रेशर मोजणारी शिबिरं तिथे भरवली असती तर जवळजवळ सगळे रुग्ण ‘नॉर्मल’ म्हणून घरी गेले असते. अँगल क्लोजर पूर्व आशियात आणि उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांत जास्त. या सगळ्यांना अमेरिकेतल्या फॉर्मवर ‘एशियन’ असा एकच चौकोन असतो, त्यात तुमचा भाऊही बसतो.

भारतातले आकडे वाचताना मला एक सवय लागली आहे. आकड्याआधी व्याख्या बघते. वेल्लोरच्या पाहणीत ३० ते ६० वयोगटात अँगल क्लोजर ४.३ टक्के आणि ओपन अँगल ०.४ टक्के निघाला. त्याच तामिळनाडूत मदुराईच्या बाजूला चाळिशीपुढच्यांत ओपन अँगल १.७ आणि अँगल क्लोजर ०.५ टक्के. वेल्लोर आणि मदुराईच्या माणसांची जनुकं एवढी उलटसुलट असतील? नाही. कोन कसा तपासला, कितपत अरुंद म्हणजे बंद, नस खराब झाल्याशिवाय आजार म्हणायचा की नाही, यावर आकडा फिरतो. त्यामुळे ‘भारतीयांना काचबिंदू अमुक टक्के’ असं कुणी ठासून सांगितलं तर मी जरा सावध होते. एवढं मात्र नक्की, की आपल्याकडे दोन्ही प्रकार भरपूर आहेत आणि कोन न बघता केलेलं निदान आपल्याला परवडत नाही.

मग तुमच्या घरासाठी सर्वात चांगली जनुक चाचणी कोणती? तुमच्या आई. थट्टा नाही करत. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांना ८० व्या वर्षापर्यंत काचबिंदू होण्याचा धोका २२ टक्के होता, आजार नसलेल्यांच्या नातेवाइकांना २.३ टक्के. तेही युरोपीय लोकच, वर मी जी तक्रार केली ती इथेही लागू पडते. पण नात्यात एक फायदा आहे. कुठली जनुकं दोषी हे माहीत असो वा नसो, ती आईकडून तुमच्याकडे अर्ध्या हिश्शाने आलेलीच आहेत, शोध लागलेली आणि न लागलेली दोन्ही. अहवालाला फक्त शोध लागलेलीच मोजता येतात. आणि भावाला ‘कमी’ आलं म्हणून तुम्हालाही कमी, असंही नाही. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मंच सारखं असतं.

उलट, घरात कुणालाच काचबिंदू नाही, या वाक्यावर आपल्याकडे अजिबात विश्वास ठेवू नये. चेन्नईजवळच्या ग्रामीण पाहणीत ओपन अँगलचे ६४ रुग्ण सापडले, त्यांतल्या फक्त एकाला तो आपल्याला आहे हे आधी माहीत होतं. तुमच्या मामांचं बघा. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं का, हे मामींना विचारा. ऑपरेशन होऊनही ‘उजेड आला नाही’ असं त्या म्हणाल्या, तर नस आधीच गेलेली असण्याची शक्यता दाट. कधी अचानक डोळा लाल होऊन डोकं ठणकलं, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, असं काही त्यांना आठवलं, तर अँगल क्लोजरचा झटका मनात धरावा लागेल.

आणि आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. तुम्ही स्वतःचं विचारलंत, भावाचं विचारलंत. पत्नीचं विचारलंच नाही. सर्वात वाईट अवस्थेला गेले ते त्यांचे वडील. त्यांचा धोका तुमच्याइतका तरी आहेच, मामांचा आजार काचबिंदूच असेल तर बहुधा जास्त. त्यात अँगल क्लोजर बायकांत जास्त आढळतो, लांबचा प्लस नंबर असलेल्यांत, आखूड डोळ्यांत. त्यांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण चाळिशीच्या आसपास असतील तर तपासणीच्या यादीत पहिलं नाव त्यांचं घाला, मग तुमचं. साताऱ्याला आणखी मावश्या-मामा असतील तर तेही. रुग्णाच्या भावंडांना धोका सर्वात जास्त दिसतो आणि ती मंडळी वयानेही त्याच टप्प्यावर असतात.

तपासणीत काय काय व्हावं हे सांगते, म्हणजे अर्धवट होऊन परत यायला नको. प्रेशर हवा मारून नाही, ॲप्लनेशनने, म्हणजे डोळा सुन्न करून त्याला यंत्र टेकवून. गोनिओ. बाहुली मोठी करून नस बघणं. कॉर्नियाची जाडी. संशय वाटला तर फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका तपासणारी) आणि ओसीटी (नसेच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन). जाडीबद्दल एक सांगावंसं वाटतं. अमेरिकेतल्या ज्या प्रसिद्ध अभ्यासावरून पातळ कॉर्निया म्हणजे जास्त धोका हे शिकवलं जातं, तो प्रेशर वाढलेल्या लोकांवर झाला होता आणि त्यात ५५५ मायक्रॉन किंवा कमी म्हणजे पातळ. नागपूरजवळच्या आठ खेड्यांत ४,७११ लोकांची पाहणी झाली, तिथे सरासरी जाडीच ५१४ मायक्रॉन भरली. त्या मापाने जवळजवळ अख्खं गाव ‘पातळ’. म्हणून अहवालात ५२० बघून कुणी घाबरवलं तर घाबरू नका. पण पातळ कॉर्नियावर प्रेशर खऱ्यापेक्षा कमी मोजलं जातं, हेही ध्यानात असू द्या. ओसीटीच्या लाल-हिरव्या रंगांचंही तसंच आहे. यंत्र ज्यांच्याशी तुलना करतं त्यांत भारतीय फार थोडे असतात, आणि मोठा मायनस नंबर असेल तर निरोगी डोळाही लाल दाखवतो. एका छापील कागदावर आयुष्यभराचे थेंब सुरू करू नयेत. सहा महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करून फरक बघणं बऱ्याचदा जास्त शहाणपणाचं ठरतं.

सगळं ठीक निघालं तर पुन्हा कधी यायचं हे परिस्थितीवर आहे. कोन उघडा, नस छान, प्रेशर बेताचं असेल तर मी अशा घरातल्या चाळिशीच्या माणसाला दोनेक वर्षांनी बोलावते, पन्नाशीनंतर दरवर्षी. कोन अरुंद असेल तर वेगळा विचार. तिथेही प्रत्येकाला लगेच लेसर लागत नाही. दवाखाना जवळ आहे का, मधुमेहासाठी वारंवार बाहुली मोठी करावी लागते का, झटका आला तर वेळेत पोचता येईल का, हे सगळं बघून ठरवते.

मग प्रयोगशाळेतली जनुक चाचणी मी कुणाला सांगते? जन्मजात काचबिंदूच्या बाळाला, पुढच्या गरोदरपणाचा विचार असतो म्हणून. तिशी-पस्तिशीच्या आत ओपन अँगल झालेल्याला, विशेषतः दोन-तीन पिढ्यांत तसंच घडलं असेल तर. अगदी तरुणपणी, नॉर्मल प्रेशरवर नस गेलेल्याला. चाचणी आधी रुग्णाची, मग नातेवाइकांची. निरोगी माणसाची आधी केली आणि काही सापडलं नाही, तर त्यातून काहीच ठरत नाही. तुमच्या आईंना साठीनंतर आजार झाला असेल तर तुम्हाला या चाचणीवर पैसे घालायला मी सांगणार नाही.

भावाला एवढंच कळवा की आईचं निदान तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांग. अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा, ज्यांना काचबिंदूची वार्षिक तपासणी देतं त्या यादीत मधुमेही आहेत, पन्नाशीपुढचे आफ्रिकन अमेरिकन आहेत, पासष्टीपुढचे हिस्पॅनिक आहेत, आणि घरात काचबिंदू असलेलेही आहेत. भारतीय म्हणून तो यादीत नाही, आईचा मुलगा म्हणून आहे. मेडिकेअरच्या वयाला तो अजून पोचलेला नाही, पण डॉक्टरांना मुद्दा कळायला तेवढं पुरे.

राहिली लेक. हे मात्र आजच करा. त्या थेंबांची बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. खाज त्याने झटकन थांबते, म्हणूनच घरोघरी तीच बाटली दर उन्हाळ्यात निघते. स्टेरॉइडच्या थेंबांनी सुमारे एक तृतीयांश लोकांचं प्रेशर मध्यम वाढतं, साधारण ५ टक्के लोकांचं फारच वाढतं. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना ओपन अँगल काचबिंदू आहे त्यांच्यात हे प्रमाण बरंच जास्त असतं. तुमच्या लेकीची आजी काचबिंदूची रुग्ण, आईचे वडील आंधळे झालेले. हे प्रेशर वाढताना दुखत नाही, डोळा लाल होत नाही, उलट खाज थांबल्यामुळे पोर खूश असते. शाळकरी वयात नस निम्मी गेलेली मुलं अशा बाटल्यांपायी बघावी लागतात, आणि त्यातली बहुतेक टळण्यासारखी होती. थेंब आता थांबवा, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, आणि तिला दाखवून प्रेशर मोजून घ्या. या खाजेवर स्टेरॉइड नसलेले चांगले थेंब मिळतात, आणि कधी स्टेरॉइड द्यावंच लागलं तर ते मोजक्या दिवसांसाठी आणि प्रेशरवर नजर ठेवून.

तिघेही एकाच दिवशी गेलात तर आईंची फाइल बरोबर न्या. पत्नीचा कोन आधी बघा म्हणून सांगा, बाहुली मोठी करायचे थेंब त्यानंतर. उलट क्रमाने झालं तर त्या दिवशी कोन नीट कळत नाही आणि पुन्हा खेप पडते. थेंब टाकल्यावर तीन-चार तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन टोचतं, तेव्हा स्कूटर घरीच ठेवा, रिक्षाने जा.